सीटवरचा पंचा

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला पाठ लावून बसलेल्यांनीही जवळ या, सतरंजी मोठी आहे. कीर्तनाला बसता तसे मांडी ठोकून बसा. आज गोष्ट सांगायची आहे ती एका प्रवाशाची. तिच्यात रेल्वे आहे, बस आहे, वाळू आहे आणि एक लबाडी आहे. ती लबाडी कशी उघडी पडली ते शेवटपर्यंत सांगेन, हा शब्द. मात्र मध्येच सांगणाऱ्याचा आवाज चढला तर सांभाळून घ्या. ही गोष्ट थंड डोक्याने सांगता येत नाही.

१

भोपाळच्या बरखेड्यात, कारखान्याच्या क्वार्टरांमागे, मराठी मंडळाचा छोटा हॉल आहे. गोपाळकाल्याच्या संध्याकाळी तिथलं कीर्तन आटोपलं. बुवांनी आख्यान असं रंगवलं होतं की काला वाटेपर्यंत बायकांचे डोळे ओलेच होते. बुवांच्या मागे झांज धरून नीळकंठ वानखडे उभे होते. वय सत्तर, मूळचे अमरावतीकडचे. सरकारी बस होत्या तोवर सव्वीस वर्षं कंडक्टर. बस गेल्या, खाकी गेली. आता गुरुवारची झांज तेवढी उरली.

काल्यानंतर भिंतीवर पडदा लागला. मंडळाचे जुने सभासद नरहर पाटणकर मे महिन्यात वारले होते, त्यांच्यावरची फिल्म दाखवायची होती. कारखान्यात खरादावर, म्हणजे लेथ मशिनवर, आयुष्य घालवलेला हा माणूस निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं दर हिवाळ्यात एकटा वाळवंटात जायचा. एजंट नाही, हॉटेल नाही, गाडी तर नाहीच. भोपाळहून जोधपूरची रेल्वे, पुढे पॅसेंजर, आणि मग गावोगावची बस जिथपर्यंत नेईल तिथपर्यंत. फलोदी, कोलायत, मुनाबाव, इकडे कच्छात लखपत. परत आला की वानखड्यांच्या ओट्यावर बसून तासन्‌तास सांगायचा. कुठल्या बसचा ड्रायव्हर भजनं म्हणतो, कुठल्या धर्मशाळेत खारट पाण्याचा चहा मिळतो.

फिल्म त्याच्या पुतण्याने केली होती. तुषार, अठ्ठावीस वर्षांचा, प्रवासाचे व्हिडिओ करतो. फोनवर लाखभर लोक त्याच्यामागे आहेत. यंदा काकांना त्यानेच भर मे महिन्यात नेलं होतं. उन्हाळ्यातलं वाळवंट हेच खरं वाळवंट, म्हणे.

पडद्यावर तुषारचा आवाज आला, मागे सारंगी. "रतनाळी गावाच्या अलीकडे एका फाट्यावर बस थांबली. काका उतरले. पाण्याची छागळ खांद्याला लावली. मला म्हणाले, ‘तुषार, तू पुढे हो. मला आता परत जायचं नाही.’ आणि ते वाळूच्या टेकड्यांकडे चालत गेले. माझे काका वाळवंटाचे झाले."

पडद्यावर टेकड्यांकडे चाललेली एक पाठ लांब लांब गेली. हॉलमध्ये हुंदके फुटले. दुसऱ्या रांगेतून कुजबुजही आली, "घरात काही बिनसलं असेल हो. उगीच का माणूस असा निघून जातो?"

पहिल्या रांगेत नरहरची बायको शोभाताई बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्यांची मान वर झाली नाही.

दिवे लागल्यावर तुषार ताट घेऊन पुढे आला. ताटात इस्त्री केलेला, घडी घातलेला चौकड्यांचा पंचा. "काकू, हा काकांचा. बसमध्ये राहिला होता. मी जपून ठेवला."

शोभाताईंनी तो नाकाशी नेला आणि खाली घेतला. "साबणाचा वास येतोय," एवढंच म्हणाल्या.

"बसमध्ये कुठे राहिला होता रे?" वानखड्यांनी मागून विचारलं.

"सीटवर, नीळूकाका. खिडकीजवळच्या."

"पडलेला?"

"नाही, नाही. नीट पसरलेला होता. मी घडी करून बॅगेत ठेवला."

वानखड्यांच्या हातातल्या झांजा एकमेकींवर आदळल्या आणि खणकन आवाज झाला. बुवांनी वळून पाहिलं. इतक्या वर्षांत या माणसाचा ठोका कधी असा अवेळी पडला नव्हता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी वानखडे शोभाताईंकडे गेले. स्वयंपाकघरात लोणच्याची बरणी ओट्यावर होती, धुतलेली, पालथी.

"यंदा लोणचं नाही घातलंत?"

"कोणासाठी घालू भाऊजी? जाताना म्हणाले होते, कैऱ्या आणून ठेव, फोडायला मी येतो. कैऱ्या सडल्या." मग एकदम म्हणाल्या, "मला कोणाला शिक्षा नकोय. मला एकच सांगा. ते मला सोडून गेले का?"

वानखड्यांनी पोलिसांकडून आलेली पिशवी मागितली. पिशवीत चष्मा, एक खिशातली वही आणि बसचं तिकीट. एवढंच.

"छागळ?"

"ती सापडलीच नाही. पोलीस म्हणाले, कोणा गुराख्याने उचलली असेल."

छागळ म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. बाहेरून ओली राहते, वारा लागला की आतलं पाणी गार होतं. नरहरची छागळ जुनी, तळाला लाल ठिगळ. ते ठिगळ शोभाताईंनी आपल्या फाटक्या परकराचं लावलं होतं.

वहीत नरहरचे नियम होते, खरादावर काम करणाऱ्याच्या टोकदार अक्षरात. *सीट सावलीच्या बाजूची. छागळ खिडकीच्या गजाला, बाहेर. शेवटचं गाव किती लांब ते चढतानाच विचारावं. एकट्याने जायचं तर विचारत जायचं.* शेवटच्या पानावर त्या दिवशीची ओळ. *रतनाळी फाटा ते रतनाळी नऊ किलोमीटर. मागे बावीस किलोमीटर काही नाही.*

"वहिनी, ती फिल्म पुन्हा लावा बरं फोनवर."

"किती वेळा पाहिली मी!"

"तुम्ही तिच्यात नरहरला शोधत होतात. मला बस पाहायची आहे."

फिल्म संपत आली. संध्याकाळचं ऊन, रतनाळी गाव, तुषार कॅमेऱ्यासमोर उभा, डोळे पुसत बोलणारा. त्याच्या मागे धुळीने माखलेली बस. वानखड्यांनी बोट ठेवून चित्र थांबवलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

त्यांनी फोन शोभाताईंपुढे धरला. त्यांनी निरखून पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला.

३

तिकिटावर बसवाल्याचा नंबर होता. वानखड्यांचा पहिला राग कंडक्टरवर होता. आपल्याच धंद्यातला माणूस, आणि माणसं न पाहता गाडी सोडतो! फोन लावताना त्यांनी शिव्याही मनात जुळवून ठेवल्या होत्या.

"उगमाराम बोल रहा हूँ, कंडक्टर," पलीकडून आवाज आला.

वानखड्यांनी हिंदीत ओळख सांगितली.

"बाबूजी, मैं तो रोज़ उस फांटे पे हाथ जोड़ता हूँ," उगमाराम म्हणाला. त्या दिवशी लग्नाची गर्दी. दुपारी तीनला फाट्यावर इंजिनात पाणी घालायला गाडी दहा मिनिटं थांबली. पुरुषमाणसं झुडपांमागे जाऊन आली. "मैं छत पे था, सामान बाँध रहा था। ऊपर से पूछा, सब आ गए? पीछे की खिड़की से आवाज़ आई, आ गए, चलो।"

"कोणाचा आवाज?"

"आदमी का। मारवाड़ी नहीं था।"

"परत कधी आली गाडी?"

"सुबह। मेरी गाड़ी तो रतनाळी में रात रुकती है। और कोई गाड़ी उधर जाती ही नहीं।"

म्हणजे मुक्कामी गाडी. आपल्याकडेही खेड्यापाड्यांत असायच्या. शेवटच्या गावी रात्र काढायची, सकाळी परत.

"आणि माणूस हरवल्याचं तुम्हाला कोणी कधी सांगितलं?"

"सुबह, चलते टाइम। लड़का बोला, चाचा फांटे पे अपनी मर्ज़ी से उतरे थे, देख लेना। मैंने माथा पीट लिया। भाई, रात को बोलता! सरपंच की दो जीपें खड़ी थीं।" उगमाराम पुढे म्हणाला, "रतनाळी से दो किलोमीटर पहले मिले, खेजड़ी के पेड़ के नीचे। सड़क के बिलकुल किनारे।"

"टेकड्यांकडे नाही?"

"टीबे तो उलटी तरफ हैं बाबूजी। वो तो रतनाळी की ओर आ रहे थे। सिर पे कपड़ा भी नहीं था।"

मनात जुळवलेल्या शिव्या वानखड्यांनी गिळल्या. उगमारामसाठी त्या नव्हत्याच. आता त्या कोणाच्या आहेत ते त्यांना कळलं होतं.

४

मेघा अयोध्या नगरात भाड्याच्या खोलीत राहायची. तुषारच्या व्हिडिओंचं चित्रण आणि जुळणी तीच करायची. ग्वाल्हेरची मुलगी, मराठीत मध्येच हिंदी.

"अंकल, मी त्या वेळी झोपले होते, सच में. मागच्या सीटवर. उठले तर काका नव्हते."

"मग विचारलं नाहीस, कुठे गेले?"

"तुषार बोलला, वो उतर गए."

"तू झोपलेली. मग काका टेकड्यांकडे जातानाचं चित्र कोणी काढलं?"

"ते दुसऱ्या दिवशीचं आहे. दुसऱ्या कोणाची पाठ आहे, लांबून. ऐसे चलता है, अंकल. फील यायला लागतं ना."

"फील," वानखडे म्हणाले.

मेघाने नजर वळवली. तिच्या टेबलावर काळी डबी होती, चित्रं साठवायची. बोलताना तिचा हात दोनदा त्या डबीवर गेला, जसा आजारी मुलाच्या कपाळावर जातो तसा.

"त्या दिवशीचं सगळं आहे यात?"

"डिलीट करायला सांगितलंय," ती म्हणाली, आणि मग लगेच, "चहा घेणार?"

"तुझ्या घरचा चहा आज माझ्या घशाखाली उतरणार नाही, पोरी. उद्या संध्याकाळी शोभाताईंकडे ये. तुषारलाही बोलावलंय. यावंसं वाटलं तर ती डबी घेऊन ये."

५

शोभाताईंच्या बैठकीत चौघं, मेघाही आलेली. टीपॉयवर तो इस्त्रीचा पंचा. तुषार घड्याळ पाहत होता.

"नीळूकाका, मला सातला लाइव्ह जायचंय. काय ते लवकर बोला."

"बोलतो. बुवा आधी प्रश्न घालतात, मग आख्यान लावतात. मीही तसंच करतो. एक प्रश्न. मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, अकरा वर्षं वाळवंटात फिरलेला माणूस कायमचा चालत निघतो. डोक्याला बांधायचा पंचा तो मागे का ठेवतो?"

"विसरले असतील. वय झालं होतं."

"विसरलेला पंचा पडलेला असतो, चोळामोळा. हा पसरलेला होता. तूच सांगितलंस, चाळीस माणसांसमोर." वानखड्यांनी पंचा उचलला, झटकला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पसरला. "हे काय आहे, सांग."

तुषारने खांदे उडवले.

"तू लहानपणापासून फटफटीवर आणि मोटारीत फिरलास. म्हणून तुला ते दिसलंच नाही, आणि तूच आणून हातात दिलंस. बसने फिरणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळेल. जागा धरली आहे! मी दोन मिनिटांत येतो, ही माझी जागा, बसू नका. सव्वीस वर्षं मी घंटीची दोरी ओढण्याआधी एकच गोष्ट पाहायचो. रिकाम्या सीटवर रुमाल आहे का. रुमाल असला की त्याचा माणूस खाली आहे. दोरी ओढायची नाही. परत न येणारा माणूस जागा धरत नाही, तुषार."

शोभाताई त्या खुर्चीकडे पाहत होत्या.

"पण छागळ तर घेऊन गेले ना? पाणी घेऊन उतरले म्हणजे मर्जीनेच—" तुषार म्हणाला.

"वहिनी, फोन."

फोनवर ते थांबवलेलं चित्र. रतनाळी, संध्याकाळ, तुषार डोळे पुसतोय. आणि मागे बसच्या तिसऱ्या खिडकीच्या गजाला एक छागळ लटकलेली, तळाला लाल ठिगळ, ठिगळाखाली पाण्याचा थेंब.

"माझ्या परकराचं ठिगळ आहे ते," शोभाताई म्हणाल्या. "ओली आहे अजून. पाणी होतं तिच्यात."

"तो उतरल्यावर नऊ किलोमीटर पुढे गेलं हे पाणी," वानखडे म्हणाले. आता त्यांचा आवाज हॉलभर ऐकू यावा तसा चढला. "म्हणून तो टेकड्यांकडे गेला नाही. तो गाडीमागे चालत होता. मागे बावीस किलोमीटर काही नाही, पुढे नऊवर गाव, आणि गावात त्याचं पाणी. हिशेबी माणूस होता. सात किलोमीटर चालला! दोनच राहिले होते. आणि ‘आ गए, चलो’ हा आवाज कोणाचा होता, ते तू सांगतोस की मी?"

"कंडक्टरने बघायला हवं होतं! त्याची जबाबदारी—"

"तू खिडकीत बसला होतास!"

"बस कर, तुषार," मेघा म्हणाली. तिने पर्समधून काळी डबी काढून टीपॉयवर ठेवली. "मी झोपले नव्हते, अंकल. मी कॅमेरा धरला होता. प्रँक होता. काकांना मागे सोडायचं, ते पळतात ते शूट करायचं. तुषार बोलला, घंटेभर में यही बस वापस आएगी, तब तक काका चिडून लाल. लोक हसतील. यात आहे सगळं. काका हात वर करून पळतायत, आणि हा ओरडतोय, भागो काका, भागो!"

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"मला काय माहीत बस तिथेच मुक्काम करते म्हणून! सहा वाजता कळलं मला!" तुषार रडायला लागला होता. "मला मारायचं नव्हतं त्यांना, काकू, देवाशपथ! गंमत होती."

"देवाला मध्ये आणू नकोस," वानखडे म्हणाले. "गाडी परत फिरत नाही हे तुला सहा वाजता कळलं. सहाला तो जिवंत होता की नाही, ते मला माहीत नाही. तुलाही नव्हतं. दोन जीपा उभ्या होत्या. एक वाक्य बोलायचं होतं, ‘माझा काका मागे राहिला.’ ते बोललास तर आपली चूक कळेल, म्हणून तू रात्रभर गप्प बसलास. आणि त्याच संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर उभा राहून रडलास. ते रडणं कसलं होतं रे? तो कुठे आहे हे माहीत नसताना रडलास! चुकून माणूस मागे राहतो, मला ठाऊक आहे, माझ्या हातूनही एकदा राहिला होता. मी अर्ध्या वाटेतून गाडी वळवली, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. तू तर मेलेल्या माणसाच्या तोंडात वाक्य घातलंस. मला परत जायचं नाही! त्या एका वाक्याने या बाईचे तीन महिने जाळलेस."

तुषार शोभाताईंच्या पायांकडे वाकला. त्यांनी पाय मागे घेतले.

"उठ," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, पण असा की वानखड्यांनाही मान खाली घालावीशी वाटली. "मला जमेल तेव्हा तुला माफ करेन. आज नाही. पुढच्या वर्षी नाही. आत्ता सात वाजतायत ना? लाइव्ह जायचंय ना तुला? जा. इथेच, माझ्यासमोर. ती फिल्म काढून टाक आणि जे झालं ते सांग. मग भाऊजी तुला तिकडच्या पोलीस ठाण्यावर घेऊन जातील. रेल्वेने. बसने. विमानाने नाही, मोटारीने नाही. ते गेले त्याच वाटेने."

तुषारने फोन समोर धरला. तीनदा सुरुवात केली, तीनदा अडला. चौथ्यांदा बोलला.

तो बोलत असताना शोभाताई उठल्या, खुर्चीवरचा पंचा सारखा केला. कोपरा वळला होता तो सरळ केला. मग वानखड्यांना म्हणाल्या, "भाऊजी, जागा धरली होती त्यांनी."

"हो वहिनी."

"म्हणजे यायचं होतं."

"हो."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. पालथी बरणी त्यांनी उलटून सरळ ठेवली. ऑगस्टात कैऱ्या कुठल्या? बाजारात मिळतील त्या लिंबांचं घालू म्हणाल्या.

सोमवारी सकाळी वानखडे आणि तुषार जोधपूरच्या गाडीत बसले. वानखडे पूर्ण वाटेत त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. फक्त एका स्टेशनवर तुषार पाणी भरायला उतरला आणि जागेवर काही न ठेवता गेला, तेव्हा या म्हाताऱ्याने दात-ओठ खात स्वतःचा रुमाल काढला आणि त्याच्या जागेवर टाकला.

तर मंडळी, गोष्ट इथे थांबते. राग माझाही अजून गेलेला नाही, तुमचाही जाऊ देऊ नका. पण एक मागणं आहे. पुढच्या वेळी बसमध्ये बसाल आणि रिकाम्या सीटवर कोणाचा रुमाल, पंचा, पिशवी पसरलेली दिसेल, आणि कोणी ओरडेल, आ गए, चलो, तेव्हा क्षणभर थांबा. खिडकीतून मागे पाहा. बरखेड्याच्या नरहर पाटणकरांची आठवण काढा, आणि मोठ्याने म्हणा, थांबा हो, एक माणूस यायचा आहे.